केबल लावूनही वायर्ड नेट चालत नाही? लिनक्स लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजरची गाठ कशी सोडवायची

केबल लावली, पोर्टाजवळचा हिरवा दिवा लागला, तरी कोपऱ्यातलं चिन्ह नुसतं फिरत राहतं आणि मिनिटभराने जोडणी फसल्याचा निरोप येतो. किंवा आयपी पत्ता तुम्ही हाताने दिला, थोडा वेळ सगळं ठीक चाललं, मग पत्ता आपोआप पुसला गेला. किंवा सेटिंग्जमध्ये वायर्ड हा भागच दिसत नाही, फक्त वायफाय दिसतं. लिनक्सवर नवीन आलेल्यांच्या वाट्याला या तीनपैकी एक तक्रार हमखास येते आणि तिन्हींच्या मागे बहुतेक वेळा नेटवर्कमॅनेजर नावाची सेवा असते.

अशा वेळी ‘नेटवर्कमॅनेजर काढून टाका’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. उबंटूसारख्या प्रणालीत तो काढताना डेस्कटॉपचे इतर भागही सोबत जाऊ शकतात, वायफाय बंद पडतं, आणि सगळं परत बसवायला लागणारं नेटच हाताशी उरत नाही.

रेड हॅटने २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू केला तो घरून ऑफिसात आणि ऑफिसातून कॉलेजात फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी. त्यामुळे त्याची वागणूक ठरलेली आहे. मोकळं पोर्ट दिसलं की ते आपलं समजायचं, केबल लागली की पत्ता मागायचा, केबल निघाली की पत्ता काढून घ्यायचा. बिघाड होतो तो दोन कारणांनी. एक तर त्याच पोर्टावर दुसरी एखादी सेवा हक्क सांगत असते, नाहीतर तुम्हाला काय हवंय ते त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पोर्टाचा मालक एकच असला पाहिजे, आणि तो कोण हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आज्ञा कशा वाचायच्या

टर्मिनलच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत करा. सगळ्यात जास्त लागणारी आज्ञा ‘एनएमसीएलआय’. उच्चारात ऐकू येतात तीच पाच अक्षरं, लहान लिपीत, सलग. ‘नेटवर्कमॅनेजर’ मात्र फोल्डरच्या आणि सेवेच्या नावात लिहिताना त्यातले एन आणि एम मोठ्या लिपीतले असतात, मध्ये जागा नसते. तिथे चूक झाली तर अशी सेवा किंवा फोल्डर नाही असं उत्तर येतं. उदाहरणांत पोर्टाचं नाव ‘ईएनपी३एस०’ धरलंय, तुमचं वेगळं असेल. जुन्या धाटणीत ‘ईटीएच०’ असतं, यूएसबीवरच्या लॅन अडॅप्टरचं नाव बहुधा ‘ईएनएक्स’ने सुरू होऊन पुढे लांबलचक मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) येतो.

हाताशी काय हवं

- सुडोचा पासवर्ड, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने आज्ञा चालवताना मागितला जातो तो.
- दुसऱ्या यंत्रावर चालते अशी खात्री असलेली एक केबल, कॅट ५ई किंवा वरची.
- इंटरनेट देणाऱ्याकडून मिळालेली माहिती: पत्ता आपोआप मिळतो, ठरावीक आहे की पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन सुरू होणारी जोडणी) आहे. ठरावीक असेल तर पत्ता, गेटवे (बाहेर जायच्या वाटेवरच्या राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर). पीपीपीओई असेल तर नाव आणि पासवर्ड.
- ‘एथटूल’ हे छोटं साधन. ते कधी कधी आधीपासून नसतं, म्हणून वायफाय चालू असतानाच बसवून ठेवा.
- वही-पेन. फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढा आणि काय बदललं ते लिहून ठेवा. चौथ्या प्रयोगानंतर पहिला कोणता होता हे आठवत नाही.

मधल्या काळात फोनचं यूएसबी टेदरिंग वापरणार असाल तर एक ध्यानात ठेवा: नेटवर्कमॅनेजरच्या लेखी तेही वायर्ड पोर्टच. यादीत एक नवीन वायर्ड जोडणी उगवते आणि कोणती खरी, कोणती फोनची हा घोळ होतो. तपासणी चालू असताना फोन वायफाय हॉटस्पॉट म्हणून वापरा.

## १. आधी तार बघा

‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्या. तुमच्या पोर्टाच्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर विद्युतजोडणीच झालेली नाही आणि नेटवर्कमॅनेजरचा काहीही दोष नाही. केबल बदला, राउटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. ‘लोअर_अप’ दिसलं तर तार ठीक आहे.

मग ‘सुडो एथटूल ईएनपी३एस०’ द्या. शेवटची ओळ ‘लिंक डिटेक्टेड: येस’ हवी. ‘स्पीड’ची ओळही बघा. दोन्हीकडची यंत्रं गिगाबिटची असून वेग १०० दिसत असेल तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली किंवा टोकाला नीट न बसलेली आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. अशी अर्धवट केबल चालते, पण हलली की तुटते, आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

## २. नेटवर्कमॅनेजर काय म्हणतो ते वाचा

एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस

पुढची दिशा या एका आज्ञेवर ठरते. ‘स्टेट’च्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.

अनमॅनेज्ड. म्हणजे पोर्ट माझं नाही असं तो सांगतोय. सेटिंग्जमधून वायर्ड गायब होतं ते यामुळेच. पायरी ३ कडे जा.

अनअव्हेलेबल. पोर्ट माझं आहे, पण तार जोडलेली दिसत नाही. पायरी १ मध्ये तार ठीक दिसली असूनही हे येत असेल तर पायरी ७ मधलं वीजबचतीचं बघा.

डिसकनेक्टेड. पोर्ट माझं, तारही आहे, पण कोणती नोंद वापरायची ते कळत नाही, किंवा प्रयत्न करून थांबलोय. पायरी ४.

कनेक्टिंग, गेटिंग आयपी कॉन्फिगरेशन. पत्ता मागतोय, मिळत नाही. पायरी ५, आणि केबलवाल्याचं नेट असेल तर पायरी ६ सुद्धा.

कनेक्टेड, एक्स्टर्नली. दुसऱ्या कुणीतरी पत्ता दिलाय, मी नुसता बघतोय. म्हणजे दुसरा मालक आहे. पायरी ३.

सगळीच पोर्टं, वायफायसुद्धा, अनमॅनेज्ड दिसत असतील तर दोन साध्या शक्यता आधी संपवा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर कधी कधी नेटवर्किंग पूर्ण बंद राहतं. ही अवस्था फाइलमध्ये साठवली जात असल्याने रीस्टार्ट करूनही जात नाही. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन’ ही एक ओळ ते सोडवते. दुसरी शक्यता, सेवाच थांबलेली असणं. पण तसं असेल तर एनएमसीएलआय स्वतःच सांगते की नेटवर्कमॅनेजर चालू नाही.

## ३. दुसरा मालक शोधा

निम्म्याहून जास्त वेळ इथे द्या. नेटवर्कमॅनेजर ‘मध्ये येतो’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा मध्ये आलेलं दुसरंच कुणीतरी असतं.

खुणा ओळखू येतात. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ दिल्यावर एकाच पोर्टाखाली ‘आयनेट’च्या दोन ओळी दिसल्या, त्यातल्या एकीत ‘सेकंडरी’ लिहिलेलं असलं, तर दोघांनी वेगवेगळे पत्ते आणले आहेत. ‘आयपी रूट’मध्ये (इथे रूट म्हणजे वाट) त्याच पोर्टाच्या दोन ‘डीफॉल्ट’ ओळी दिसणं हीदेखील तीच खूण.

आता या तीन सेवा एकेक करून तपासा:

सिस्टमसीटीएल स्टेटस सिस्टमडी-नेटवर्कडी
सिस्टमसीटीएल स्टेटस डीएचसीपीसीडी
सिस्टमसीटीएल स्टेटस नेटवर्किंग

पहिल्या दोनपैकी एखादी ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसली आणि ती तुम्ही मुद्दाम लावलेली नसेल, तर ‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ’ आणि पुढे तिचं नाव, अशी बंद करा. आर्च लिनक्सवर हे फार वेळा घडतं. प्रणाली बसवताना डीएचसीपीसीडी चालू केलेली असते, नंतर डेस्कटॉपबरोबर नेटवर्कमॅनेजर येतो, आणि दोघं एकाच पोर्टासाठी पत्ता मागत बसतात. तिसरी सेवा बंद करू नका. डेबियनवर तिच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते बघायचं असतं.

डेबियन. ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ ही फाइल उघडा. त्यात तुमच्या पोर्टाचं नाव असेल तर नेटवर्कमॅनेजर त्या पोर्टाला हात लावत नाही. तो तसा मुद्दाम बनवला आहे. डेस्कटॉपशिवाय प्रणाली बसवून नंतर डेस्कटॉप घातला की हमखास ही अवस्था येते. पोर्टाच्या ओळींच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाका. ‘एलओ’ असं नाव असलेल्या दोन ओळी मात्र तशाच ठेवा, ते यंत्राचं स्वतःशी बोलण्याचं पोर्ट आहे. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’.

उबंटू. इथे मध्ये नेटप्लॅन नावाचा थर आहे. ‘सुडो नेटप्लॅन गेट’ दिलं की सगळ्या फाइलींची बेरीज एकत्र दिसते. त्यात ‘रेंडरर’, म्हणजे पोर्ट प्रत्यक्षात सांभाळणारी सेवा, कोण ते बघा. डेस्कटॉपवर ‘नेटवर्कमॅनेजर’ हवा. उबंटू सर्व्हर बसवून त्यावर डेस्कटॉप चढवला असेल तर रेंडरर नेटवर्कडी राहतो, वायफाय दिसतं आणि वायर्ड अनमॅनेज्ड राहतं. याचं कारण उबंटूच्या मूळ नियमफाइलीत आहे: वायफाय आणि मोबाइल मोडेम सोडून बाकी काही सांभाळू नकोस, असं तिथे लिहिलेलं असतं. रेंडरर बदलला की नेटप्लॅन हा नियम आपणहून रद्द करतं.

बदल करायचा तर ‘/ईटीसी/नेटप्लॅन’मधल्या फाइलींची आधी प्रत काढा. तिथल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची आधीच्या फाइलीतली नोंद फिरवते, म्हणून एकच फाइल बघून समाधान मानू नका. ओळी आत सरकवायला टॅब चालत नाही, फक्त स्पेस. मग ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ द्या. बदल लागू होतो, आणि तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी परत येते. ‘अप्लाय’पेक्षा नवशिक्यांनी हाच मार्ग धरावा.

फेडोरा आणि त्याच्या घरातल्या इतर प्रणाली. जुन्या यंत्रावरून अपग्रेड करत आला असाल तर ‘/ईटीसी/सिसकॉन्फिग/नेटवर्क-स्क्रिप्ट्स’मध्ये ‘आयएफसीएफजी’ने सुरू होणाऱ्या फाइली आहेत का बघा. या फाइली अजून वाचणाऱ्या आवृत्त्यांत ‘एनएम_कंट्रोल्ड=नो’ ही ओळ पोर्ट अनमॅनेज्ड करते, ‘ऑनबूट=नो’ ही आपोआप जोडणं थांबवते.

एवढं करूनही पोर्ट अनमॅनेज्डच असेल तर ‘नेटवर्कमॅनेजर --प्रिंट-कॉन्फिग’ सुडोसह चालवा. वेगवेगळ्या फोल्डरमधले सगळे नियम एकत्र छापून येतात. त्यात ‘अनमॅनेज्ड-डिव्हाइसेस’ शोधा.

## ४. नोंदी निस्तरा

पोर्ट आणि जोडणीची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्ट म्हणजे यंत्राचा भाग. नोंद म्हणजे ‘इथे असा पत्ता वापर’ असा लिहून ठेवलेला आदेश. एका पोर्टासाठी दहा नोंदी असू शकतात, पण एका वेळी त्यातली एकच चालते.

एनएमसीएलआय कनेक्शन शो

पोर्टासाठी एकही नोंद नसेल तर नेटवर्कमॅनेजर स्वतः ‘वायर्ड कनेक्शन १’ तयार करतो आणि डीएचसीपीने (आपोआप पत्ता वाटण्याच्या पद्धतीने) पत्ता मागतो. तुम्ही नंतर ‘ऑफिस’ नावाची ठरावीक पत्त्याची नोंद केलीत, तरी पुढच्या वेळी केबल लावल्यावर तो ‘वायर्ड कनेक्शन १’ उचलू शकतो. माझा पत्ता पुसला जातो, ही तक्रार बहुतेक इथूनच येते. पत्ता पुसलेला नसतो, चालू झालेली नोंदच दुसरी असते. ज्या नोंदीच्या ओळीत शेवटी पोर्टाचं नाव दिसतं ती सध्या चालू.

नको असलेली नोंद काढायची घाई करू नका, आधी तिचं आपोआप जोडणं बंद करा:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय "वायर्ड कनेक्शन १" कनेक्शन.ऑटोकनेक्ट नो

नाव अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर मधल्या जागेमुळे आज्ञा तुटते. आपोआप बनलेली नोंद एकदा पुसलीत तर नेटवर्कमॅनेजर त्या कार्डाचा मॅक पत्ता लक्षात ठेवतो आणि ती परत बनवत नाही. वायर्ड कायमचं गेलं म्हणून घाबरू नका, ‘एनएमसीएलआय कनेक्शन अ‍ॅड टाइप एथरनेट’ने हाताने नवी नोंद करता येते.

ठरावीक पत्ता द्यायचा तर सगळं एका ओळीत द्या:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ऑफिस आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल आयपीव्ही४.अ‍ॅड्रेसेस १९२.१६८.१.५०/२४ आयपीव्ही४.गेटवे १९२.१६८.१.१ आयपीव्ही४.डीएनएस १९२.१६८.१.१

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

पत्त्यामागचं ‘/२४’ विसरलात तर तो ३२ धरला जातो. म्हणजे या जाळ्यात मी एकटाच, असा अर्थ होतो. राउटर शेजारी असूनही दिसत नाही.

बदल लिहून ठेवला म्हणजे लागू झाला असं नाही. ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप ऑफिस’ दिल्याशिवाय जुनाच पत्ता चालू राहतो. सेटिंग्जच्या खिडकीतही ‘अप्लाय’ दाबल्यावर वायर्डचं बटण एकदा बंद-चालू करावं लागतं.

निवडलेला पत्ता राउटर आपोआप वाटतो त्या पल्ल्यातला नको. नाहीतर एक दिवस तोच पत्ता घरातल्या टीव्हीला मिळतो आणि दोघांचंही नेट अधूनमधून जातं.

आणि ‘आयपी अ‍ॅड्रेस’मध्ये १०.४२.०.१ दिसलं तर नोंदीत चुकून ‘शेअर्ड टू अदर कम्प्युटर्स’ निवडलं गेलंय. लॅपटॉप नेट घेण्याऐवजी वाटायला बसला आहे. असा लॅपटॉप ऑफिसच्या जाळ्यात लावला तर तो इतरांनाही चुकीचे पत्ते देऊ लागतो, म्हणून दिसताक्षणी ‘ऑटोमॅटिक’ करा.

डॉकिंग स्टेशन किंवा यूएसबी अडॅप्टर वापरणाऱ्यांनी नोंद कशाला बांधलेली आहे ते बघावं. सेटिंग्जमध्ये ‘आयडेंटिटी’ या भागात मॅक पत्ता भरलेला असेल तर ती नोंद त्या एकाच कार्डावर चालेल, दुसऱ्या डॉकवर नाही. कुठेही चालायला हवी असेल तर तो रकाना मोकळा करा, आणि एनएमसीएलआयने केलेल्या नोंदीत ‘कनेक्शन.इंटरफेस-नेम’सुद्धा रिकामं करा.

नोंदी ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टम-कनेक्शन्स’मध्ये असतात. जुन्या लॅपटॉपवरून त्या फाइली नुसत्या आणून टाकल्या तर दुर्लक्षिल्या जातात, कारण त्यांचा मालक रूट (प्रशासकाचं खातं) आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) लागते. दोन्ही दुरुस्त करून ‘सुडो एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड’ द्या.

## ५. पत्ता मागताना काय होतं ते डोळ्यांनी बघा

एका खिडकीत ही आज्ञा चालू ठेवा:

जर्नलसीटीएल -एफ -यू नेटवर्कमॅनेजर

केबल काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. आता ओळी एकेक करून पडू लागतात. आधी ‘कॅरिअर: लिंक कनेक्टेड’. मग ‘स्टेट चेंज’च्या ओळींतून पोर्ट अनअव्हेलेबलवरून डिसकनेक्टेड, तिथून प्रिपेअर, कॉन्फिग, आयपी-कॉन्फिग, आयपी-चेक, सेकंडरीज अशा पायऱ्या चढत अ‍ॅक्टिव्हेटेडपर्यंत जातं. गाडी कुठल्या स्टेशनावर अडली ते बघायचं.

डिसकनेक्टेडच्या पुढे गेलीच नाही तर लागू होणारी नोंद नाही, परत पायरी ४. आयपी-कॉन्फिगवर थांबून ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर समोरून पत्ता देणारं कुणी बोललं नाही. कॉन्फिगवर ‘नीड-ऑथ’ आलं तर कॉलेज किंवा कंपनीच्या जाळ्याला ८०२.१एक्स ओळखपत्र लागतं, ते नोंदीच्या ‘सिक्युरिटी’ भागात भरायचं; तिथली नेमकी पद्धत तुमच्या संगणक विभागाकडूनच घ्या. ‘कॅरिअर-चेंज्ड’ पुन्हा पुन्हा येत असेल तर परत केबलकडे.

काही आकडे ठाऊक असले की निरर्थक वाटणारी वाट बघणं समजतं. डीएचसीपीचं उत्तर यायची वाट मुळात ४५ सेकंद बघितली जाते. असे चार प्रयत्न फसले की नेटवर्कमॅनेजर त्या नोंदीला पाच मिनिटं हात लावत नाही. त्यामुळे तुम्ही दोष दुरुस्त केला तरी पाच मिनिटं काहीच घडत नाही, आणि दुरुस्ती चुकली असं वाटतं. केबल काढून लावा किंवा ‘कनेक्शन अप’ द्या, थांबायची गरज नाही.

मोठ्या ऑफिसांतले स्विच नवीन केबल लागल्यावर जाळ्यात फेरा होत नाही ना ते तपासतात. जुन्या पद्धतीच्या तपासणीत यातच ३० सेकंद जातात. उरलेल्या १५ सेकंदांत कधी पत्ता मिळतो, कधी नाही. ‘आयपीव्ही४.डीएचसीपी-टाइमआउट ९०’ असा बदल नोंदीत करून बघा.

पत्ता मिळाला, पण पानं उघडत नाहीत, असं असेल तर ‘आयपी रूट’ बघा. प्रत्येक ‘डीफॉल्ट’ ओळीत ‘मेट्रिक’चा आकडा असतो आणि कमी आकड्याची वाट आधी वापरली जाते. वायर्डला १००, वायफायला ६०० मिळतात, म्हणून दोन्ही चालू असताना वायर्ड जिंकतं. पण जिथे इंटरनेट पोचतंय की नाही हे तपासणं चालू असतं, त्या प्रणालीत वायर्डवरून इंटरनेट मिळालं नाही तर तिच्या आकड्यात २०००० ची भर पडते. २०१०० दिसलं की समजा: तार आणि पत्ता ठीक, पुढे राउटरपलीकडे अडलंय, किंवा लॉगिनचं पान भरायचं राहिलंय.

याच्या उलट अडचण प्रयोगशाळेत, सीएनसी यंत्रावर किंवा प्रिंटरला थेट जोडल्यावर येते. वायर्डवर इंटरनेट नसूनही सगळी वाट तिकडे वळते. त्या नोंदीत ‘यूज धिस कनेक्शन ओन्ली फॉर रिसोर्सेस ऑन इट्स नेटवर्क’ या चौकटीत खूण करा. आज्ञेने करायचं तर ‘आयपीव्ही४.नेव्हर-डीफॉल्ट येस’. इंटरनेट वायफायवरून, यंत्र तारेवरून, दोन्ही एकत्र चालतात.

डीएनएस बदलायला ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ हाताने लिहू नका. ती फाइल दरवेळी नव्याने लिहिली जाते. ती न बदलण्याजोगी करून कुलूप घालण्याचा उपाय सुचवला जातो, पण मग दुसऱ्या जाळ्यात गेल्यावर कारण न कळता नेट बंद राहतं. डीएनएस नोंदीत भरा आणि ‘आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस’ करा.

## ६. केबलवाल्याचं नेट थेट लॅपटॉपमध्ये घेत असाल तर

महाराष्ट्रातल्या गावांत आणि सोसायट्यांत स्थानिक केबलवाल्यांकडून येणारी लॅनची वायर अजूनही कित्येक घरांत सरळ लॅपटॉपला लावली जाते. तिथे दोन गोष्टी आडव्या येतात.

पहिली पीपीपीओई. अशा तारेवर डीएचसीपीला कुणी उत्तर देत नाही, त्यामुळे ‘वायर्ड कनेक्शन १’ मागत राहतं आणि फसत राहतं. तिचं ऑटोकनेक्ट बंद करा. ‘एनएम-कनेक्शन-एडिटर’ उघडा, अधिकचं चिन्ह दाबून ‘डीएसएल/पीपीपीओई’ निवडा, पोर्ट निवडा, नाव-पासवर्ड भरा. ‘सर्व्हिस’चा रकाना केबलवाल्याने सांगितलं नसेल तर मोकळा ठेवा.

डेबियन-उबंटूवर ‘पीपीपीओईकॉन्फ’ नावाचं निळ्या पडद्याचं साधन वापरायला सांगणारे अनेक लेख फिरतात. ते साधन पोर्टाच्या ओळी ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये लिहितं. म्हणजे दुसरा मालक तयार झाला, आणि वायर्ड अनमॅनेज्ड झालं. दोन्हींपैकी एकच मार्ग धरा. आधी ते चालवलं असेल तर पायरी ३ प्रमाणे त्या ओळी बंद करूनच एडिटरमध्ये नोंद करा.

काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं झालं तर एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) बघा. साधारण एथरनेटवर तो १५०० असतो, पीपीपीओईची आठ बाइटची वेष्टणं वजा जाता १४९२ उरतो.

दुसरी गोष्ट मॅक बांधणी. केबलवाला तुमच्या जुन्या लॅपटॉपचा किंवा राउटरचा मॅक पत्ता नोंदवून ठेवतो, दुसऱ्या यंत्राला नेट देत नाही. नवीन लॅपटॉप किंवा नवीन यूएसबी अडॅप्टर लावल्यावर सगळं बरोबर असूनही उत्तर येत नाही ते यामुळे. सरळ उपाय म्हणजे त्याला फोन करून नवा मॅक पत्ता देणं. तो रविवारी सापडत नसेल तर नोंदीत ‘क्लोन्ड मॅक अ‍ॅड्रेस’च्या रकान्यात आपल्याच जुन्या यंत्राचा पत्ता भरा, आणि ते जुनं यंत्र त्याच तारेवर लावू नका. त्या रकान्यात ‘रँडम’ निवडलेलं असेल तर बांधणी असलेल्या तारेवर नेट कधीच मिळणार नाही, कारण दरवेळी नवा पत्ता दाखवला जातो.

## ७. चालता चालता तुटत असेल तर

चार्जर काढल्यावरच तुटतं का, हे आधी बघा. तसं असेल तर संशय वीजबचतीवर. टीएलपी हे वीजबचतीचं साधन बसवलेलं असेल तर ते बॅटरीवर असताना नेटवर्क कार्डाची आणि यूएसबी अडॅप्टरची वीज कमी करतं. कार्ड झोपलं की केबल लावल्याचंही त्याला कळत नाही, म्हणून दिवा न लागता ‘अनअव्हेलेबल’ दिसतं. यूएसबी अडॅप्टरसाठी ‘एलएसयूएसबी’ने त्याचा ओळखक्रमांक काढून टीएलपीच्या फाइलमधल्या ‘यूएसबी_डिनायलिस्ट’मध्ये टाका. आतल्या कार्डासाठी ‘रनटाइम_पीएम_डिनायलिस्ट’.

केबल लावली की वायफाय बंद होतं, ही तक्रारही कधी कधी टीएलपीचीच असते. त्याच्या रेडिओ विझार्डमध्ये ‘डिव्हाइसेस_टू_डिसेबल_ऑन_लॅन_कनेक्ट’ ही ओळ चालू आहे का बघा.

## ८. जिथे नेटवर्कमॅनेजरला खरंच बाजूला ठेवायचं असतं

बिघडलेला राउटर टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या एका साध्या पद्धतीने) जिवंत करणं हे याचं चोख उदाहरण. राउटर चालू होताना थोडेच सेकंद फाइल स्वीकारतो. त्याच वेळी पोर्टाची लिंक एकदा जाते आणि येते. लिंक गेल्याचं बघून नेटवर्कमॅनेजर पत्ता काढतो, परत आल्यावर नव्याने जोडायला घेतो, आणि तेवढ्यात राउटरची वेळ टळलेली असते. अशा कामापुरतं पोर्ट त्याच्या हातून काढा:

सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस सेट ईएनपी३एस० मॅनेज्ड नो
सुडो आयपी लिंक सेट ईएनपी३एस० अप
सुडो आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड १९२.१६८.१.१०/२४ डेव्ह ईएनपी३एस०

पत्ता तुमच्या राउटरच्या पद्धतीप्रमाणे बदला. लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये एक साधा स्विच ठेवलात तर आणखी बरं. लॅपटॉपची लिंक स्विचशी अखंड राहते आणि राउटर कितीही वेळा बंद-चालू झाला तरी इकडे काही हलत नाही.

कायमचं बाजूला ठेवायचं असेल तर ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’मध्ये ‘९९-सोडून-द्या.कॉन्फ’ सारख्या नावाची फाइल करा. नाव इंग्रजी अक्षरांत, शेवट ‘.कॉन्फ’ हवा. त्यात दोन ओळी:

[कीफाइल]
अनमॅनेज्ड-डिव्हाइसेस=इंटरफेस-नेम:ईएनपी३एस०

मग सेवा रीस्टार्ट करा. वायफाय त्याच्याकडेच राहील, फक्त हे एक पोर्ट सुटेल. सोडलेल्या पोर्टाला आता दुसरा मालक तुम्हीच नेमायचा आहे, मग तो सिस्टमडी-नेटवर्कडी असो वा इंटरफेसेस फाइल. नाहीतर पुढच्या रीस्टार्टनंतर ते रिकामंच राहील.

तात्पुरतं काढलं असेल तर काम झाल्यावर परत द्या: आधी ‘सुडो आयपी अ‍ॅड्रेस फ्लश डेव्ह ईएनपी३एस०’, म्हणजे हाताने दिलेला पत्ता मागे राहत नाही, आणि मग ‘मॅनेज्ड येस’. ‘डिव्हाइस स्टेटस’मध्ये ‘कनेक्टेड’ आणि पुढे तुमच्या नोंदीचं नाव दिसलं की पोर्ट ताब्यात आलं.

तरीही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर प्रणालीचं नाव आणि आवृत्ती, डिव्हाइस स्टेटस, कनेक्शन शो, आयपी अ‍ॅड्रेस, आयपी रूट आणि केबल लावल्यापासूनच्या दोन मिनिटांचा लॉग एवढं एकत्र द्या. फोटो नको, मजकूर चिकटवा. पाठवण्याआधी मॅक पत्ते आणि पीपीपीओईचं नाव खोडा.